इंग्लंडात जुनी गाडी एवढी स्वस्त कशी?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या एका छोट्या गावात नर्स आहे. जाऊन पाच महिने झाले. ड्युटी सकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी त्या वेळेला बसच नसते. टॅक्सीला फार पैसे जातात, म्हणून ती जुनी कार घ्यायची म्हणते. हातात दोन हजार पौंड आहेत, म्हणजे आपले साधारण सव्वादोन लाख रुपये. इथे नवी बुलेट घ्यायची तरी तेवढे लागतात, आणि तिथे म्हणे चांगली चालती कार येते. एवढ्या स्वस्तात कोण कशाला विकेल? त्यात खोट असणारच ना? तिला इथले लायसन्स आहे, गाडी छान चालवते. — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे, पण प्रत्येक स्वस्त गाडीत खोट असतेच असे नाही. गाडी स्वस्त असण्याची कारणे बहुतेक वेळा गाडीच्या बाहेरची असतात. ती नीट कळली की निम्मी फसवणूक आपोआप टळते.

पहिले कारण मजुरी. आपल्याकडे क्लचप्लेट बदलायला मेकॅनिक जी मजुरी घेतो, त्यात तिकडचा गॅरेजवाला बॉनेटही उघडणार नाही. तिथे क्लचच्या कामाला पाचशे पौंड सहज लागतात. आता बाराशे पौंडांच्या गाडीचा क्लच गेला, तर मालक काय करील? दुरुस्ती करण्यापेक्षा गाडी विकून मोकळा होईल. आपल्याकडे वीस वर्षांची मारुती दुरुस्त करून करून चालवतात, कारण ती दुरुस्ती परवडते. तिथे गाडी बिघडायच्या आधीच तिची किंमत पडते, पुढच्या दुरुस्तीच्या नुसत्या भीतीने.

दुसरे कारण मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथे खडेमीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटते आणि पत्रा आतून खाते. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीचा वरचा रंग चकाचक दिसतो, पण दाराखालची पट्टी, ब्रेकचे पाइप आणि मागचा एक्सल गंजलेला असू शकतो. म्हणून मुलीला सांगा, गाडी पाहायला जाताना मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकून पाहायची. संकोच करायचा नाही.

तिसरे कारण एमओटी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही पद्धत मला फार आवडते.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस तपासून पुढे पाच-पाच वर्षांची. ब्रिटनमध्ये वयाची अशी अट नाही. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी करावी लागते, तिला एमओटी म्हणतात. सरकारमान्य गॅरेजमध्ये ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर, पत्र्याचा गंज असे सगळे तपासतात. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. नापास झाली तर दोष काढून पुन्हा तपासायची. एमओटी संपत आली की पुष्कळ लोक पुढच्या तपासणीत काय निघेल या धास्तीने गाडी काढून टाकतात. ‘एमओटीला तीन आठवडे उरलेत’ अशी जाहिरात स्वस्तात का असते, ते आता लक्षात येईल.

पण खरी गंमत पुढे आहे. या तपासण्यांच्या २००५ पासूनच्या नोंदी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, फक्त गाडीचा नंबर लागतो. पास-नापास, त्या दिवशीचे मीटरवरचे मैल आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना, सगळे तारखेनिशी दिसते. ‘आज चालेल, पण लक्ष ठेवा’ अशा स्वरूपाच्या या सूचनांना तिथे अ‍ॅडव्हायजरी म्हणतात.

या नोंदी वाचायच्या कशा, ते एका कल्पित गाडीवरून दाखवतो. समजा, २०१० सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. २०२१ मध्ये पास, सूचना : पुढचे दोन्ही टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ झिजलेले. ही मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे. २०२२ मध्ये त्याच टायरांवर नापास, दुसऱ्याच दिवशी पास. २०२३ मध्ये सूचना : दाराखालच्या पट्टीला गंज. २०२४ मध्ये तीच सूचना, जोडीला ब्रेकच्या पाइपांना गंज. टायर झिजले हे कळूनही वर्षभर बदलले नाहीत, नापास झाल्यावर एका रात्रीत बदलले; गंजाकडेही वर्षभर ढुंकून पाहिले नाही. ही गाडी कायद्याने जेवढे करायला लावले तेवढ्यावरच चालली आहे. अशा माणसाने इंजिनऑइल वेळेवर बदलले असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. याउलट, एका वर्षी सूचना आणि पुढच्या वर्षी ती गायब, असे दरवर्षी दिसले तर गाडी काळजीवाल्या हातात होती. अशा गाडीला दोनशे पौंड जास्त द्यावे लागले तरी द्यावेत.

मैलांकडेही पाहावे. आकडा दरवर्षी वाढत गेला पाहिजे. मध्येच तो खाली आला तर मीटर मागे फिरवलेले असण्याची शक्यता असते. वर्षभरात आकडा जेमतेम हलला असेल तर गाडी उभी होती. का उभी होती ते विचारायचे.

एक मात्र पक्के ध्यानात ठेवायचे. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची स्थिती तपासत नाहीत. ‘नवीन एमओटी आहे, काळजीच नको’ असे विकणारा सांगेल. त्यावर विसंबून चालणार नाही.

आता कोणती गाडी? माझे मत स्पष्ट आहे : छोटी, पेट्रोलची, गिअरवाली, जपानी किंवा कोरियन. टोयोटा यारिस, होंडा जॅझ, ह्युंदाई आय-टेन, टोयोटा आयगो. सित्रोएन सी-वन आणि पूजो १०७ याही मुळात आयगोच्याच बहिणी, चेक प्रजासत्ताकातल्या कोलीनच्या कारखान्यातून एकत्र बाहेर पडलेल्या. नावामुळे त्या थोड्या स्वस्त मिळाल्या तर खुशाल घ्याव्यात. तिथे विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या आय-टेन चेन्नईजवळच्या कारखान्यात बनल्या आणि २००९ नंतरची सुझुकी अल्टो हरियाणातल्या मानेसरला. तुमच्या मुलीला तिथे एखादी आपल्याच देशातून गेलेली गाडी सापडू शकते.

एवढ्या पैशात जर्मन बिल्ल्याची मोठी गाडीही दिसेल आणि मन तिकडे ओढेल. तिच्या वाटेला जाऊ नये. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. डिझेलही नको. हॉस्पिटल ते घर असे चार-पाच मैल रोज चालवले तर डिझेल गाडीच्या धुराचा फिल्टर तापत नाही आणि काजळीने तुंबतो, तो बदलणे म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. शिवाय लंडनला मैत्रिणीकडे जायचे झाले तर प्रदूषणाचा कर आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असली तर सुटते, डिझेल मात्र साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची लागते.

आता पैशांचा मुख्य मुद्दा, ज्यात नवखी माणसे अडकतात. गाडीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. विमा त्याच्याएवढा, कधी जास्तही असतो. भारतीय लायसन्सवर चालवणारी, तिथला विम्याचा कसलाही इतिहास नसलेली व्यक्ती म्हणजे विमा कंपन्यांच्या लेखी नवशिकी. इथला नो-क्लेम बोनस तिथे बहुतेक कंपन्या धरत नाहीत. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. गाडी आवडली की पैसे देण्याआधी तिचा नंबर घालून विम्याचे दर पाहायचे. इंजिन थोडे लहान घेतले, गाव तेच ठेवले, तरी हप्त्यात बराच फरक पडतो. दोन हजारांत सगळे बसवायचे असेल तर गाडी बाराशेच्या वर जाऊ नये, विमा मासिक हप्त्याने घ्यावा (व्याज पडते, पण इलाज नाही) आणि तीनशे पौंड दुरुस्तीसाठी बाजूला राहिलेच पाहिजेत. रोड टॅक्सची मात्र धास्ती नको; मार्च २००१ ते मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या कमी धुराच्या छोट्या गाड्यांना तो वर्षाला पन्नास पौंडांच्याही आत आहे. विकणाऱ्याने भरलेला टॅक्स मात्र घेणाऱ्याला मिळत नाही, २०१४ पासून हा नियम आहे. गाडी रस्त्यावर काढण्याआधी नव्याने भरायचा.

विमा घेताना ‘घर ते कामाची जागा’ हा वापर लिहिलाच पाहिजे. उद्या ती रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देऊ लागली तर त्यालाही वेगळा, व्यवसायाचा विमा लागतो. आणि एक कळकळीची सूचना : ‘तिथल्या लायसन्सवाल्या ओळखीच्याचे नाव मुख्य चालक म्हणून घाल, तुझे दुसरे घाल, हप्ता कमी होईल’ असा सल्ला देणारे भेटतील, आपलेही भेटतील. तिथे ही सरळ फसवणूक धरतात. अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. विम्याविना गाडी पोलिसांनी पकडली तर तीनशे पौंड दंड, लायसन्सवर सहा गुण, आणि गाडी उचलून नेतात.

गाडी पाहायला जायचे ते विकणाऱ्याच्या घरी, दिवसाउजेडी, पाऊस नसताना. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन गरम असेल तर ते आधीच चालवून ठेवले आहे. थंड इंजिन चालू होताना जी खडखड ऐकू येते किंवा जो धूर दिसतो, तो लपवायचा असेल. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला पांढरट, सायीसारखा थर आहे का पाहावे. असला तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असावे. लॉगबुकवरचा (म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आणि मुलगी उभी आहे ते घर जुळते का, चॅसी नंबर जुळतो का, हे पाहावे. लॉगबुकवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे, तसे त्या कागदावरच छापलेले असते. गाडीवर कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, अपघातात विमा कंपनीने मोडीत काढलेली आहे का, हे दहा-वीस पौंडांत ऑनलाइन तपासून मिळते. त्या अहवालात ‘कॅटेगरी एस’ दिसले तर सांगाड्याला मार बसलेली गाडी आहे. या बजेटमध्ये ती सोडून द्यावी.

डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत गाडी परत करून पैसे मागता येतात. खासगी माणसाकडून हा हक्क नाही, म्हणून ती स्वस्त असते. भारतात परतणारी आपली मंडळी गाडी विकतात, ती पुष्कळदा चांगली असते. पण ओळखीच्या माणसाचीही गाडी नंबर घालूनच तपासायची. हे काम तुम्ही मिरजेत बसूनही करू शकता. ड्युटी करून दमलेल्या मुलीने नुसता नंबर कळवावा, नोंदी तुम्ही वाचाव्यात.

शेवटी लायसन्सचे. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून फक्त बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात. तुमच्या मुलीचे पाच महिने गेले, सात उरले. म्हणून गाडी शोधण्याआधी तिला शिकाऊ लायसन्सचा अर्ज करायला सांगा, याच आठवड्यात.