घडीचा टप : निवड आणि निगा

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात वाहनाच्या टपाला तीन ऋतूंत तीन निरनिराळी कामे करावी लागतात. लखनौ येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि काही दिवशी ते ४५ अंशांपर्यंत चढते. पश्चिमेकडून येणारी ‘लू’ सोबत धुळीचे लोट आणते. जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस सुरू होतो आणि वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. त्यानंतर पौष-माघात दाट धुके उतरते. जे कापड उन्हात करपत नाही, पावसात झिरपत नाही आणि थंडीत तडकत नाही, तेच येथे टपासाठी योग्य होय.

टप गळू लागला की लोक पावसाला दोष देतात. वस्तुतः पाऊस केवळ दोष उघडकीस आणतो. टपाची खरी हानी उन्हाळ्यातच झालेली असते. जी काही उरते, ती ओला टप घडी करून ठेवण्याच्या सवयीमुळे होते. नवा टप निवडताना आणि जुना सांभाळताना या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्यास निम्मे काम झाले, असे म्हणता येईल.

कातड्यापासून कापडापर्यंत

घोड्याच्या फिटनला मागे दुमडणारा कातडी टप असे. मुंबईकरांना तो व्हिक्टोरिया गाडीमुळे परिचित होता. या गाड्या बंद करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. कातड्याला वरचेवर तेल द्यावे लागे. ते न मिळाल्यास घडीच्या रेषेवर भेगा पडत. सायकलरिक्षा आली, तेव्हा कातड्याची जागा कापडाने घेतली, परंतु घडी तशीच राहिली आणि भेगांचा प्रश्नही तसाच राहिला.

लखनौ येथे १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीची ‘विक्रम’ ही तीनचाकी अनेक वर्षे उत्तर भारताच्या रस्त्यांवर धावत होती. ही कंपनी बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. अशा तीनचाकींवर सांगाड्यावर ताणलेले रेग्झिन असते. ते घडी होत नाही, तरी ऊन त्यालाही सोडत नाही. मोटारींपैकी घडीचा टप भारतात मुख्यतः जीपच्या वंशाने टिकवला. २०२० साली आलेल्या महिंद्राच्या नव्या ‘थार’मध्येही असा टप असलेला प्रकार होता.

तीन प्रकारची कापडे

पहिला प्रकार मेण किंवा तत्सम द्रव्य चढवलेल्या जाड सुती कापडाचा, म्हणजे कॅनव्हासचा. हे कापड स्वस्त असून कोणताही कारागीर ते शिवू शकतो. भिजल्यावर सूत फुगते आणि विणीतील छिद्रे मिटतात. त्याबरोबर कापड आकसतेही. म्हणून ते शिवताना थोडी ढील ठेवावी लागते. दमट हवेत त्यावर बुरशी लवकर धरते, हा त्याचा मोठा दोष आहे.

दुसरा प्रकार ज्याला बाजारात सरसकट ‘रेग्झिन’ म्हणतात त्याचा. हे मूळ नाव इंग्लंडमधील एका कृत्रिम चामड्याचे होते. आज त्या नावाने विकले जाते ते बहुधा पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते. त्यातून पाणी मुळीच जात नाही आणि धूळ पुसून निघते. परंतु पीव्हीसीला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण थराला ठिसूळ करतात, आणि मग घडीच्या रेषेवर प्रथम पांढरी रेघ व नंतर चीर दिसते.

तिसरा प्रकार तिहेरी कापडाचा. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर दाबून जलरोधक वस्त्र बनवण्याचे एकस्व घेतले. आजचे तिहेरी कापड त्याच कल्पनेचे वंशज होय. वर ॲक्रिलिकची वीण, मध्ये रबर आणि खाली अस्तर अशी त्याची रचना असते. उत्तम ॲक्रिलिकमध्ये धागा काढण्यापूर्वीच द्रावणात रंग मिसळतात, त्यामुळे तो उन्हात सहसा विटत नाही. किंमत अधिक असली, तरी ज्या गाडीचा टप रोज उघडतो आणि मिटतो तिच्यासाठी हेच कापड अखेरीस स्वस्त पडते. जेथे टप वर्षभर ताणलेलाच राहतो, तेथे चांगल्या प्रतीचे रेग्झिन पुरेसे आहे.

खरेदीपूर्वीची पारख

नमुन्याचा तुकडा घट्ट दुमडून नखाने दाबावा. पांढरी रेघ उमटली तर तो नाकारावा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे. उजेडासमोर धरून सुईएवढी छिद्रे शोधावीत. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असावा, कारण सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो आणि टप शिवणीतून गळू लागतो. जुना टप उसवून त्याचाच बेत नव्यासाठी वापरणे इष्ट. मात्र त्याआधी सांगाड्याच्या कमानी सरळ आहेत, हे पाहून घ्यावे. वाकलेल्या कमानीवर कोणतेही कापड टिकत नाही. रेग्झिन थंडीत आकसते व ताठरते, म्हणून हिवाळ्यात टप बसवायचा झाल्यास दुपारची वेळ निवडावी.

स्वच्छतेची रीत

गंगेच्या मैदानातील गाळाच्या मातीची धूळ अतिशय बारीक असते. ती विणीत शिरते आणि टप हलला की धाग्यांवर कानशीसारखी घासते. म्हणून कोरडी धूळ फडक्याने रगडू नये. प्रथम मऊ कुंचल्याने ती झटकावी, मग साध्या पाण्याची हलकी धार सोडावी. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्याने विणीच्या दिशेने घासून साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे. पेट्रोल व रॉकेल रबराला आणि पीव्हीसीला घातक आहेत, तर विरंजक चूर्णाने अस्तर व दोरा कमकुवत होतो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढावी.

धुतलेला टप ताणून सावलीत वाऱ्यावर वाळवावा. पावसात भिजलेला टप तसाच दुमडून ठेवणे भाग पडले, तर पाऊस थांबताच तो उघडावा. एका रात्रीच्या ओलीने बुरशी धरू शकते आणि तिचे काळे ठिपके पुढे निघत नाहीत. कापडावर पाण्याचा थेंब गोळा होऊन न घरंगळता पसरू लागला, की पूर्ण वाळलेल्या टपावर जलरोधक लेप पुन्हा द्यावा. मागची पारदर्शक खिडकी घडी करताना मध्ये मऊ सुती कापड घालावे, आणि थंडीच्या पहाटे ती दुमडूच नये. ओरखडे पडलेल्या खिडकीतून धुक्यात मागचे वाहन दिसत नाही, आणि अशा वेळी टपाचा प्रश्न जिवाचा प्रश्न होतो.

शेवटी

मोटारीच्या मालकाला फाटका टप ही गैरसोय वाटते. सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे तसे नसते. त्याची रिक्षा बहुधा भाड्याची असते आणि दिवसाचे भाडे पाऊस पडला म्हणून चुकत नाही. सरीमध्ये उभा असलेला प्रवासी रांगेतील टप पाहूनच रिक्षा निवडतो. अशा माणसासाठी बादलीभर पाणी, साबणाचा तुकडा आणि टप वाळेपर्यंतची सवड ही त्याच्या भांडवलाची राखण होय.