लांडगा आणि मेंढपाळ



लांडग्याचे नाव निघाले की दोन तट पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. देशात जेमतेम तीन हजार लांडगे उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याला मारू नये, हे आम्हाला पटते. पण २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइचकडे लहान मुले दगावली, तेव्हा त्या आयांना कायद्याचे कलम कोण ऐकवणार होते?

मराठवाड्यात भांडण मुख्यतः मेंढरांवरून होते. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १०) लांडगा पाहून पळतो तो मोलकरी. आपल्या शेतात मेंढरे बसवणारा धनगर काही पळत नाही. वाघर लावून, कुत्री सोबत घेऊन तो रात्र जागतो. शासन भरपाई देते, हे खरे. पण पंचनाम्याला मेलेले जनावर दाखवावे लागते, आणि लांडगा तर कोकरू उचलूनच नेतो! मग चिडून कोणी मढ्यात विष कालवतो, त्यात गावची कुत्रीही मरतात.

लांडगा जगावा असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी, त्या कोकराची किंमत एकटा धनगरच का भरतो, हे आधी विचारावे. यंदा शहागडच्या शिवारात मेंढरे बसली की त्या कुटुंबाकडे जरूर जा. गेल्या वर्षी कोकरे किती गेली आणि पंचनामे किती झाले, एवढेच विचारा.