गर्भिणीतील उच्च रक्तदाब आणि अपरेचा रक्तपुरवठा

सातव्या महिन्यातील गर्भिणी पायांची सूज व डोकेदुखी घेऊन चिकित्सालयात येते, अथवा तिचे नातेवाईक औषधालयात सूज उतरविणारे चूर्ण मागतात. हा प्रसंग आपल्या नित्य परिचयाचा आहे. अशा वेळी कोणतेही औषध देण्यापूर्वी रक्तदाब मोजला जाणे अत्यावश्यक होय.

व्याख्या : गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे व चार तासांनी पुन्हा तसाच आढळणे, हा गर्भजन्य उच्च रक्तदाब. त्यासोबत मूत्रात २४ तासांत ३०० मि.ग्रॅ. वा अधिक प्रथिने, किंवा यकृत, वृक्क, मेंदू यांच्या विकृतीची चिन्हे असल्यास त्यास 'प्री-एक्लाम्प्सिया' म्हणतात.

संप्राप्ती : गर्भाची नाभिनाडी मातेच्या रसवह नाडीशी संबद्ध असून तिच्याद्वारे गर्भाचे पोषण होते, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. प्राकृत अवस्थेत अपरेच्या पेशी गर्भाशयातील सर्पिल रोहिण्यांत शिरून त्यांना रुंद व शिथिल करतात. हे कार्य अपुरे राहिल्यास रोहिण्या अरुंद राहतात व अपरेस रक्त कमी मिळते. अशा अपरेतून स्रवणारी द्रव्ये मातेच्या रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर बिघडवितात आणि रक्तदाब वाढतो. म्हणजेच येथे वाढलेला दाब हे बहुधा कार्य आहे, मूळ कारण नव्हे. दाब उतरविल्याने मातेचे पक्षाघातादी उपद्रवांपासून रक्षण होते. परंतु अपरा पूर्ववत होत नाही. उलट दाब एकदम फार उतरविल्यास गर्भाचा रक्तपुरवठा आणखी घटतो.

गर्भावरील परिणाम : सुश्रुतोक्त गर्भक्षयाची लक्षणे, म्हणजे स्पंदन मंदावणे व कुक्षी न वाढणे, येथे स्मरणात ठेवावीत. ती आढळल्यास क्षीरबस्ती वा बृंहण योजून वाट पाहू नये. सोनोग्राफी व डॉपलर तपासणी त्वरित करवावी.

औषधविषयक दक्षता :
१) सर्पगंधा गर्भिणीस देऊ नये. तीतील रिसर्पिन अपरेतून गर्भात पोहोचते.
२) ज्येष्ठमधाच्या अधिक वा दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो.
३) सूज उतरविण्यासाठी तीव्र मूत्रल योग टाळावेत. या विकारात वाहिन्यांतील द्रवांश आधीच घटलेला असतो.
४) प्रसूतितज्ज्ञांनी दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करू नयेत.

रुग्णालयात केव्हा पाठवावे : १४०/९० आढळताच प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. १६०/११० दाब, तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधुक होणे, आमाशयप्रदेशी वेदना, रक्तस्राव, गर्भस्पंदन कमी होणे, यांपैकी एकही असल्यास विलंब न करता रुग्णालयात न्यावे. आकडी टाळण्यास तेथे मॅग्नेशियम सल्फेट उपलब्ध असते. विकाराचा मूळ उपाय प्रसूती हाच असून तिची वेळ तज्ज्ञ ठरवितात. प्रसूतीनंतरही सहा आठवडे धोका संभवतो. म्हणून सूतिकेचा रक्तदाबही मोजावा.

रक्तदाबमापक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात असावा. वेळेवर लिहिलेली एक चिठ्ठी दोन जीव वाचवू शकते.