मेटोप्रोलॉल: बोटीवर जाताना ही गोळी मध्येच तोडू नका



आपल्या बऱ्याच घरांत बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे. त्यातली एक मेटोप्रोलॉल. स्ट्रिपवर मेट एक्सएल, बेटालॉक अशी नावं असतात. अटेनोलॉल तिच्याच घराण्यातली. होतं काय, माणूस केशवापुरातून कारवारला बैतखोल बंदरावर जातो, बोट आठ-दहा दिवस बाहेर, आणि स्ट्रिप राहते घरच्या कपाटावर. "आल्यावर घेईन, त्यात काय!" असं आम्ही खूपदा ऐकतो. पण या गोळीचं तसं चालत नाही.

घाबरलं, राग आला, जोर लावला की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि हृदय धावायला लागतं. ही गोळी हृदयावरच्या त्याच्या जागा अडवून धरते. ठोके कमी होतात, बीपी उतरतं, हृदयावरचा ताण हलका होतो. या घराण्यातलं प्रोप्रॅनोलॉल स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात काढलं. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. आता नुसत्या बीपीला डॉक्टर बहुतेक वेळा आधी अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन देतात. म्हणून मेटोप्रोलॉल चालू असेल तर हृदयाचं काही कारण आहे का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. छातीत दाब येणे, आधी आलेला अटॅक, ठोके बिघडणे, हृदय अशक्त असणे, यांतलं काहीही असू शकतं.

गोळी बरेच दिवस चालली की शरीर हळूहळू अ‍ॅड्रेनलिनच्या जागा वाढवतं. मग अचानक गोळी तोडली तर त्या सगळ्या एकदम मोकळ्या होतात. त्यात जाळं ओढायचा जोर! ठोके वाढतात, बीपी उसळतं, छातीत दुखतं, आणि हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद असतील तर अटॅकही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत थोडी थोडी कमी करतात. ते काम आपण घरी करू नये.

म्हणून तांडेलांना आणि बोटमालकांना विनंती: बर्फ-डिझेल भरताना खलाशांना गोळ्यांचंही विचारा. फेरीचे दिवस आणि वर पाच दिवसांच्या गोळ्या, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. एखादी राहिली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या. दोन एकदम नकोत. एक्सएल गोळी चावायची किंवा कुटायची नाही. सगळं औषध एकदम सुटतं.

त्रासही असतात. सुरुवातीला थकवा येतो, उठताना चक्कर येते. ओल्या डेकवर हे धोक्याचं, म्हणून पहिले काही दिवस कडेला उभं राहायचं काम दुसऱ्याला द्यावं. दारूने चक्कर वाढते. हातपाय गार पडतात, बर्फात मासळी भरणाऱ्यांना जास्त जाणवतं. काहींना वाईट स्वप्नं पडतात, काही पुरुषांना लैंगिक अशक्तपणा येतो. लाजून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, बदल करता येतो. दमा असेल तर आधीच सांगा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना साखर उतरल्यावर धडधड, थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो, तीच खूण धरा.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, किंवा दम लागतोय, छातीत दाब येतोय, तर थांबू नका. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ किंवा व्हीएचएफ चॅनल १६, जमिनीवर १०८.

कंबरदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपले लोक सर्रास घेतात. त्यांनी बीपी वाढतं, औषधाचा जोर कमी होतो. खारवलेल्या मासळीतल्या मिठाचंही तेच.

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी किनाऱ्यालाच असतात. तेव्हा बीपी, नाडी तपासून घ्या आणि चिठ्ठी नवी करून आणा.