धक्का कोणाचा?

मी मूळचा बुऱ्हाणपूरचा. तापीकाठच्या आमच्या गावी आम्ही कबड्डी खेळत वाढलो. कबड्डीत स्पर्श हाच खेळाचा प्राण. म्हणूनच की काय, बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लागले की फाऊल, अशी आमची सोपी समजूत होती. पुढे तेथेच एका सामन्यात मी पंच झालो, आणि त्या समजुतीची किंमत दुसऱ्याने मोजली.

सामन्याची अखेरची मिनिटे होती. बचाव करणारा खेळाडू दोन्ही पाय रोवून समोर तोंड करून उभा होता. चेंडू घेऊन येणारा गडी सरळ त्याच्या छातीवर आदळला व धाडकन पडला. प्रेक्षक ओरडले. मी शिट्टी वाजवली आणि फाऊल दिला तो उभ्या असलेल्यावर! तो त्याचा पाचवा फाऊल. नियमानुसार त्याला बाहेर जावे लागले. त्याने वाद घातला नाही, फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. त्या रात्री मी नियमांचे पुस्तक नीट वाचले.

१८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे १३ नियम लिहिले. त्यांत खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, मारणे व पाडणे यांना बंदी होती. दहा खेळाडू एका चेंडूमागे धावतात, तेव्हा थोडाफार स्पर्श टळत नाही. तेवढ्याने फाऊल होत नाही, हे आजचे नियमही मानतात.

मग पंचाने काय पाहावे? पहिले, जागा आधी कोणी घेतली? बचावपटूने दोन्ही पाय टेकवून समोर तोंड केले की जागा त्याची. मग तो बाजूला वा मागे सरकला तरी हक्क जात नाही. दुसरे, आपल्या जागेबाहेर कोण गेला? प्रत्येकाभोवती एक अदृश्य नळकांडे आहे असे समजावे. त्यात सरळ वर उडी मारणारा, हात उंचावणारा निर्दोष असतो. तिसरे, धक्क्याने कोणाला गैरफायदा मिळाला? मात्र प्रतिस्पर्धी हवेत असताना त्याच्या वाटेत मागाहून शिरणे हा फाऊलच.

तेव्हापासून शिट्टी ओठांशी नेताना मी पडणाऱ्याकडे पाहत नाही. बचावपटूच्या पायांकडे पाहतो. आपणही पंच व्हाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.