भिंतीत मेलेला उंदीर

मातीच्या भिंतीचे घर उन्हाळ्यात थंड राहते. पण त्या भिंतीत उंदरालाही घर करता येते. तो आत बीळ पाडतो, पिले घालतो आणि कधी कधी आतच मरतो. मग घरभर घाण वास सुटतो. असा प्रसंग आमच्या घरी आला, तो येथे सांगत आहोत.

आमच्या मागच्या खोलीत धान्याची पोती असतात. श्रावणात उंदीर फार झाले, म्हणून आम्ही विषाच्या वड्या टाकल्या. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, काळजी नको. उंदीर पाणी प्यायला बाहेर पळतो आणि तिकडंच मरतो." आम्ही शाळेत जन्म घालवला, पण ही थाप खरी मानली! या वड्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही. त्याच्या अंगात रक्तस्राव होतो आणि तो चार-पाच दिवसांनी मरतो. अंगात त्राण नसलेला प्राणी बाहेर कशाला जाईल? तो आपल्या बिळातच जाऊन पडतो.

आठव्या दिवशी वास सुटला. आम्ही ऊद जाळला, उदबत्त्या लावल्या. वास गेला नाही, त्यात उदाची भर पडली इतकेच. शेजारी म्हणाले, "राहू द्या, आपोआप वाळेल." हे अगदीच खोटे नाही. कोरड्या दिवसांत लहान उंदीर काही आठवड्यांनी वाळतो व वास थांबतो. पण दिवस पावसाचे, आणि त्याच खोलीत नातवंडे निजत होती.

आम्हाला आजीची आठवण झाली. ती सांगे, "घरात उंदीर पडला की आम्ही गाव सोडायचो." १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे तो पुण्यात व गावोगाव पसरला. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. आधी उंदीर का मरतात आणि मागून माणसे का मरतात, हे कोणाला कळत नव्हते. १८९८ साली सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून ते दाखवले. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. उंदीर प्लेगने मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसवा त्याला सोडतात. त्यांना दुसरे ऊबदार अंग हवे असते. जवळ माणूस असला, तर त्या माणसाला चावतात.

हे सारे फार जुने, असे म्हणू नका. १९९४ साली ऑगस्ट महिन्यात आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी उंदीर पडू लागले. पिसवांचा त्रास सुरू झाला. मग माणसांना ताप आला, जांघेत गाठी आल्या.

तेव्हा एक फरक ध्यानात ठेवा. विष टाकल्यावर एखादा उंदीर मेला, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. पण विष न टाकता गावात उंदरामागून उंदीर मरू लागले, तर त्यांना कोणी हात लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे. कोणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. आज यावर औषध आहे, मात्र ते लवकर मिळाले पाहिजे.

आता आमच्या भिंतीकडे येऊ. वास छताजवळ जास्त येत होता, म्हणून आम्ही वरच खणणार होतो. गवंडी म्हणाले, "थांबा गुरुजी. वास बिळातनं वर चढतोय, उंदीर खाली हाय." त्यांनी खालच्या बिळात लांब तार घातली, बाहेर काढली व टोक हुंगले. दोन बिळांत काही नव्हते. तिसऱ्या बिळातल्या तारेला वास आला. माश्याही तेथेच बसत होत्या. पाऊण हात माती काढली आणि उंदीर सापडला.

खणण्याआधी मुलांना बाहेर पाठवले. नाकातोंडाला फडके बांधले. धूळ उडू नये म्हणून फिनेलचे पाणी शिंपडले. कोरडे झाडू नये, कारण उंदराच्या लघवीची व लेंड्यांची धूळ नाकात जाते. हातावर प्लास्टिकच्या दोन पिशव्या चढवून उंदीर उचलला. तो उकिरड्यावर टाकला नाही. विषाने मेलेला उंदीर कुत्र्या-मांजराने खाल्ला, तर त्यालाही विष बाधते. विहिरीपासून दूर, दोन हात खोल खड्ड्यात पुरला. मग साबणाने हात धुतले.

बिळे लगेच बुजवली नाहीत. त्यांच्या तोंडाशी कागदाचे बोळे कोंबले. सकाळी एक बोळा बाहेर पडलेला दिसला. म्हणजे आत अजून कोणी होते! बाकीची बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बंद केली. उघड्या बिळापुढे पिंजरा लावला. पोती विटांवर फळ्या टाकून भिंतीपासून हातभर दूर ठेवली. उरलेल्या वड्या कुलपात गेल्या. आठवडाभरात पिंजऱ्यात तीन उंदीर सापडले. चौथी चिचुंद्री निघाली.