विज्ञानविषयक लेखनाची भाषा : ‘जनुकाची अभिव्यक्ती’

‘अभिव्यक्ती’ ही संज्ञा तुम्हांला साहित्यविचारातून परिचित आहे. जीवशास्त्राने ती निराळ्या अर्थाने योजली आहे. जनुकातील माहितीनुसार पेशीत आरएनए आणि पुढे बहुधा प्रथिन तयार होणे, म्हणजे त्या जनुकाची अभिव्यक्ती.

उल्हासनगरच्या वर्गातील सिंधीभाषक विद्यार्थी घरी सिंधी बोलतो, वर्गात मराठी, बाजारात हिंदी. तिन्ही भाषा त्याच्या ठायी वसत असतात. उच्चार प्रसंगानुरूप एकीचा होतो. त्वचेच्या आणि यकृताच्या पेशीतही जनुकसंच एकच असतो. कोणती जनुके बोलतात आणि कोणती गप्प राहतात, एवढाच भेद. हा भेद राखण्यात काही विकरांचा मोठा वाटा असतो. त्यांच्या खुणा जनुकाचा मजकूर बदलत नाहीत, त्यावर चढतात. म्हणून त्या ‘अधिजनुकीय’. ‘अधिभाषा’ या शब्दातील उपसर्ग येथे आठवावा.

हस्तलिखितात चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत, हे पाठचिकित्सेच्या घटकात आपण पाहिले. डीएनए मिथाइलट्रान्सफरेज हे विकर असेच काहीसे करते. जनुकाच्या आरंभीच्या भागातील सायटोसिनवर ते मिथाइल गट जोडते आणि ते जनुक सहसा मूक होते. दुसरा प्रकार गुंडाळणीचा. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ॲसिटिल गट चढले की गुंडाळी सैल होते व मजकूर वाचता येतो. हिस्टोन डीॲसिटिलेज ते गट काढते, गुंडाळी आवळली जाते.

कर्करोगात हीच व्यवस्था बिघडते. पेशीविभाजनाला आवर घालणारे पी१६ हे जनुक अनेक कर्करोगांत मिथाइल गटांखाली झाकलेले आढळते. लगाम शाबूत, पण हाती नाही. येथे आपली उपमा अपुरी पडते, हेही ध्यानात घ्या. पोथीचा लेखनिक हरताळाखालचे अक्षर गाळून पुढची प्रत करतो; पेशी मात्र विभागताना अक्षरही उतरवते आणि हरताळही. म्हणून ते मौन पुढच्या पेशींत जाते. शिवाय विकराला हेतू नसतो. ‘विकर ठरवते’ असे लिहिण्याचा मोह मलाही आवरत नाही, परंतु तो आवरावा.

अंबरनाथ-बदलापूरहून फाइल सांभाळत परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली कुटुंबे तुम्ही लोकलमध्ये पाहिली असतील. सटवाईने कपाळी लिहिले ते टळत नाही, ही समजूत आपल्या भाषेत खोल मुरलेली आहे; आता ‘जनुकातच लिहिलेले होते’ हे तिचे नवे रूप ऐकू येते. ते अचूक नाही. कर्करोगात मजकुरातील बदलही असतात, आणि त्यांतील बहुतेक जन्मानंतर घडलेले असतात. अधिजनुकीय खुणा तर काही प्रमाणात पुसताही येतात. मिथाइलट्रान्सफरेजला अडविणाऱ्या ॲझासायटिडीन या औषधाला अमेरिकेत 2004 साली रक्तनिर्मितीच्या एका विकारगटासाठी मान्यता मिळाली. घट्ट गाठींच्या कर्करोगांत अशा औषधांना तेवढे यश आलेले नाही. दोन्ही वाक्ये लिहावीत. पहिलेच लिहिले तर रुग्णाला खोटी आशा लागते, दुसरेच लिहिले तर सटवाई परत येते.

स्वाध्याय : ‘लेखक’, ‘वाचक’ आणि ‘खोडणारे’ अशी नावे खुणा चढविणाऱ्या, ओळखणाऱ्या व काढणाऱ्या प्रथिनांना या शास्त्रात रूढ आहेत. त्यांतील कोणते नाव रुग्णाच्या नातेवाइकासाठी लिहिताना तुम्ही टाळाल? कारणासह पाच-सहा वाक्यांत लिहा.